सोयाबीनच्या गोंदाचे प्लायवुड: कपाटाला उत्तम, मोरीला नको

वाशीम जिल्ह्यातील आमच्या घरी कपडे आणि बियाण्यांच्या पिशव्या ठेवण्यासाठी गेल्या मार्चमध्ये कपाट करायचे होते, तेव्हा नागपूरच्या एका दुकानदाराने सोयाबीनच्या प्रथिनापासून केलेल्या गोंदाचे प्लायवुड सुचवले. नेहमीच्या प्लायपेक्षा चौरस फुटामागे २२ रुपये जास्त पडले. दरवर्षी सोयाबीन पेरणाऱ्या माणसाला तेच पीक चढ्या भावाने परत विकत घेताना जे वाटायचे, ते वाटलेच.

घरातल्या साध्या प्लायवुडचे थर बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडने चिकटवलेले असतात आणि उष्णता वाढली की त्यातून फॉर्माल्डिहाइड हा कर्करोगकारक वायू अधिक सुटतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, दुपारभर दारे-खिडक्या लावून बसावे लागते. जुन्या कपाटाचे दार उघडले की डोळ्यांत पाणी यायचे. नव्या कपाटाने तो त्रास उरू दिला नाही. दिवसभर करवत चालवून मिस्त्रीही म्हणाला, “डोये नाई झोंबले जी या खेपेले.”

सोयाबीनचे तेल काढल्यावर उरणाऱ्या ढेपेत जवळपास निम्मे प्रथिन असते. त्याच्या रेणूंच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडल्या की त्या लाकडाला धरतात. ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात असे प्लायवुड सर्रास होत असे, पण पाण्यापुढे तो गोंद टिकेना म्हणून मागे पडला. पुढे ओरेगन राज्य विद्यापीठाच्या काइचांग ली यांनी समुद्रातल्या खडकांना घट्ट चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांवरून धडा घेऊन सोयाबीनच्या गोंदात सुधारणा केली आणि २००५पासून कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स ही कंपनी तो वापरू लागली.

“पाण्यालाही चालते,” हे दुकानदाराचे म्हणणे मात्र मला पटले नाही. उरलेला चार बोटे रुंद तुकडा मी रात्री बैलांच्या हौदात बुडवून दिवसा उन्हात वाळवला, असे तीनदा केले. तिसऱ्या खेपेला कोपऱ्याचा वरचा थर उचलला आणि फटीत पोस्टकार्ड जाऊ लागले. मधली पकड मात्र अशी, की पटाशीने उचकटताना गोंद सुटण्याआधी लाकडाचेच तंतू फाटले. प्लायवर ओलावा किती सोसेल हे सांगणारा प्रतीचा शिक्का नव्हता. तो मी आधीच मागायला हवा होता.

कपाटाच्या कडा आम्ही पट्टी लावून बंद केल्या, एक पावसाळा नीट गेला. मोरीवरच्या फळीसाठी मात्र जुन्या दाराचे सागवानच काढले.