धुळ्याच्या जुन्या गल्लीत घर घेऊन राहिल्यानंतर

वाडीभोकर रोडवरचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत जुनं दुमजली घर विकत घेतलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, राहायला आलो, आता दिवाळी होऊन गेली. उन्हाळा, पावसाळा, सणवार सगळं बघून झालं, म्हणून लिहितेय. नकाणे रोड, साक्री रोड, गोंदूर रोडला एवढे प्लॉट पडलेत, मग गावात कशाला शिरता, असं जो तो विचारायचा. माझं मत आता पक्कं आहे. घरात वय झालेलं माणूस असेल आणि चारचाकी दारातच लागली पाहिजे असं नसेल, तर भर गावातलं घर घ्यावं. कागदांसाठी मात्र सहा-आठ महिने हाताशी ठेवावेत.

आधी कागदांचंच सांगते, कारण सगळा जीव तिथेच अडकतो. बाहेरच्या कॉलनीत बिनशेती प्लॉट, एक मालक, एक सही. इथे तसं नसतं. आम्ही घेतलेल्या घराच्या मालमत्ता पत्रकावर, म्हणजे सिटी सर्व्हेच्या मालकी नोंदीवर, विकणाऱ्यांच्या आजोबांचं नाव होतं. मुलं, नातवंडं सुरत, नाशिक, पुणे अशी पांगलेली. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे ‘बहिणींचं काही म्हणणं नाही’ या तोंडी शब्दावर पैसे देऊ नयेत. आमच्या वकिलांनी आधी सिटी सर्व्हे कार्यालयात वारस नोंद करून घ्यायला लावली, घराच्या मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च काढला, पेपरात जाहीर नोटीस दिली आणि खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या घेतल्या. विकणाऱ्यांच्या सुरतेच्या आत्या सर्वांत शेवटी आल्या. सही करण्याआधी घरात जाऊन देव्हाऱ्याच्या कोनाड्याला हात लावून आल्या, मगच निबंधक कार्यालयात निघाल्या. त्यांच्यासाठी तो कोनाडा आम्ही तसाच ठेवलाय.

खरेदी माझ्या एकटीच्या नावावर केली. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के आहे, फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर त्यात एक टक्का सूट. तीस लाखांच्या घराला सरळ 30,000 रुपये वाचतात. नोंदणी फी एक टक्का, पण 30,000 च्या वर जात नाही. शुल्क धरतात ते रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरानं येणारी किंमत, आणि ठरलेली किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. खरेदीखत झालं की नाव आपोआप सगळीकडे लागत नाही. मालमत्ता पत्रकावरचा फेरफार वेगळा, घरपट्टी वेगळी आणि वीजमीटर वेगळा. तिन्हींच्या मागे लागावं लागतं. बँकेचा व्हॅल्युअर जुन्या बांधकामाला जवळजवळ काहीच किंमत देत नाही, जमिनीचीच धरतो. त्यामुळे कर्ज कमी मंजूर होतं आणि पदरचे पैसे जास्त घालावे लागतात.

आणखी दोन गोष्टी बघाव्यात. विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा आपल्या ओट्यावरून जाते का ते भाग नकाशावर तपासावं, कारण पुढे पाडून बांधायला गेलं की तेवढी जागा सोडावी लागते. आणि गल्ली पांझरेच्या काठाकडची असेल तर पूररेषा बघावी. 1872 च्या पुरात पांझरेनं धुळ्याचं फार नुकसान केलं होतं. उन्हाळ्यात कोरडी दिसते म्हणून नदीला विसरू नये.

आता राहण्याचं. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं खानदेशचं मुख्य ठाणं इथे आणलं आणि जुन्या धुळ्याशेजारी नवी पेठ आखली. म्हणून इथल्या गल्ल्या सरळ आहेत. पत्ता सांगायला सोपा, वारा खेळतो. पण बैलगाडीच्या काळातली रुंदी, त्यामुळे चारचाकी आत आणली तर मागच्याचा खोळंबा. आम्ही गाडी महिन्याच्या भाड्यानं बाहेर लावतो.

उन्हाळ्यानं मात्र मला चकित केलं. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना खालच्या मजल्यावर दुपारी पंख्यावर झोप लागते, एवढ्या जाड भिंती आहेत. मागच्या खोलीला अजून धाबं आहे, म्हणजे सागाच्या कड्या, वर फळ्या आणि त्यावर खारी माती. ती खोली घरात सगळ्यात गार. वरच्या मजल्याला स्लॅब आहे आणि तो तव्यासारखा तापतो. कूलर लावावा तर पाणी लागतं, आणि नळ इथे रोज येत नाही. मधे कधी चार दिवस जातात, कधी जास्त. म्हणून घर बघायला जाल तेव्हा फरशी-रंगाआधी हौद किती मोठा आहे ते विचारा. आमच्याकडे जमिनीखालचा हौद आहे आणि गच्चीवर टाकी, तेवढ्यावर भागतं. नळ आला की कुणीतरी गल्लीत हाक देतं, ‘पानी उनं वं!’ आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या मोटरी सुरू होतात. हौद नसलेल्या घरात मी राहायला गेले नसते.

धाब्याची निगा मात्र वेळेवर व्हायला हवी. मृग लागायच्या आत नवी माती टाकून चोपावी लागते. तो कारागीर शोधायला आम्हाला पार खेड्यापर्यंत जावं लागलं. तरी आषाढात एका कोपऱ्यात ओल आलीच. पुढच्या उन्हाळ्यात तो कोपरा उकलून कडी तपासायची आहे, आणि स्लॅबवर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, करून घ्यायचं आहे.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. वाडीभोकर रोडला त्यांचं बाहेर जाणं रिक्षावर अवलंबून होतं, मग ते जाणंच बंद झालं. इथे ते सकाळी काठी घेऊन पाचकंदीलच्या बाजारात जातात, भरताची हिरवी वांगी स्वतः दाबून घेतात, येताना दोन ओट्यांवर बसतात. डॉक्टर, औषधं, किराणा, दळण, सगळं पायी. त्यांची भूक वाढली, हे मी डोळ्यांनी बघितलं. वैशाखात शेजारच्या काकूंनी आमच्याच गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले, कारण आमच्या गच्चीला ऊन सर्वांत जास्त वेळ असतं. श्रावणात कानबाई देवी बसली त्या रात्री तर घरात बाहेरचे किती झोपले ते सांगता येणार नाही.

आवाजाचा त्रास आहे आणि तो लहान नाही. लग्नसराईत आणि विसर्जनाला डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरतात. ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी मिरवणुकीच्या रस्त्याला लागून असलेलं घर घेऊ नये, एक गल्ली आत घ्यावं. सामाईक भिंतीमुळे खिळा ठोकला तरी पलीकडे कळतं, हेही आहेच.

पलीकडच्या गल्लीतलं एक घर विकायला निघालंय आणि भाचीला ते फार आवडलंय. सागाचा जिना आहे, चौक आहे. तिला म्हटलं, आधी मालमत्ता पत्रकाचा उतारा काढ, मग इसाराचं बोलू. तिनं अर्ज दिलाय.