खाडीतली कांदळवन फेरी आणि बैठकीला न येणाऱ्या बायका

सिंधुदुर्गातील एका खाडीत महिला बचत गट चालवत असलेल्या कांदळवन (खारफुटीचे जंगल) फेरीला आम्ही घरचे पाच जण डिसेंबरमध्ये गेलो होतो. गावाचे आणि गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातले बरेचसे तिथल्या बायकांनी मला आपली समजून सांगितले.

फेरी सुरेख आहे. दोघी जणी वल्ही मारतात, इंजिन नाही, त्यामुळे खंड्याने पाण्यात सूर मारलेलाही ऐकू येतो. तिवराची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे, कांदळाची कमानीसारखी आधारमुळे, झाडावरच रुजून लोंबणाऱ्या त्याच्या लांब शेंगा, हे सगळे त्या हात लावून दाखवतात. पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली, हे मला त्यांच्याकडूनच समजले. लहान मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे मात्र नव्हती. ती त्यांनी तातडीने घ्यावीत. शिवाय आम्हाला दहाची वेळ दिली होती आणि पाणी इतके उतरले होते की होडी ढकलायला तासभर थांबावे लागले. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, तेव्हा आरक्षण घेतानाच तिथी पाहून वेळ सांगितली तर पाहुण्यांचा खोळंबा होणार नाही.

त्या तासाभरात झालेले बोलणे मला फेरीइतकेच महत्त्वाचे वाटते. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०१७ मध्ये संरक्षण व उपजीविका योजना आणली, ज्यात गावाची सहव्यवस्थापन समिती असते आणि गटाला खर्चाच्या ९० टक्के अनुदान मिळून उरलेले १० टक्के गटाने उभे करायचे असतात. कागदावर ही रक्कम लहान दिसते. परंतु या गावात ती ज्यांना भरता आली त्या गटात आल्या, आणि चिखलात कंबरभर उतरून कालवे (खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या, खाडीची खडान्‌खडा माहिती असलेल्या बायका बाहेर राहिल्या. समितीची बैठक सकाळी अकराला ग्रामपंचायतीत ठेवतात. त्या वेळी ओहोटी असली की कालवे काढणारी बाई खाडीत असते, कारण ओहोटी चुकली तर त्या दिवसाची मजुरी गेली. मग इतिवृत्तात ‘अनुपस्थित’ अशी नोंद होते आणि कोणत्या भागात कालवे काढू नयेत हे तिच्यामागे ठरते.

खाजणवाल्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली भातजमीन कसणाऱ्या, शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी माहेरी जवळून पाहिली आहे. बांध फुटतो, खारे पाणी शिरते, दुरुस्ती वर्षानुवर्षे रखडते आणि भाताच्या जागी तिवर उभे राहते. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर, जमीन खासगी असली तरी, ते तोडता येत नाही. तोडू नयेच, असे माझे ठाम मत आहे. वादळात आणि उधाणात किनारा हीच झाडे धरून ठेवतात आणि मासळीची पिल्लेही त्यांच्याच मुळांत वाढतात. पण ज्याच्या सातबाऱ्यावर हे जंगल वाढले त्याला बैठकीत केवळ नियम वाचून दाखवले जातात, बांधाविषयी कोणी विचारत नाही, म्हणून तो पुढच्या वेळी येत नाही. माझे वडील दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले नाहीत.

या गटातल्या बायकांना हे कळते, म्हणूनच मी त्यांना मनापासून दाद देते. आता बैठकीची तारीख भरती-ओहोटी पाहून ठरवावी, असे पत्र त्यांनीच समितीला दिले आहे. उत्तर आलेले नव्हते.

जेवण आधी सांगून ठेवावे लागते. तांदळाची भाकरी, सोलकढी आणि कालवांचे सुके अप्रतिम होते. ती कालवे मात्र बाजारातून आणलेली होती, आणि आम्ही निघालो तेव्हा खाडीतून वर येणाऱ्या दोघी जणी धक्क्यावर वाटे लावून बसत होत्या. गटाने ती त्यांच्याकडूनच घ्यावीत, असे मी पैसे देताना सांगितले आहे. तुम्हीही जाल तेव्हा विचारा.