मोटरहोममधला घरगुती फ्रिज : चौदा महिन्यांचा वापर आणि तापमानाच्या तक्रारींचा माग

अमेरिकेतल्या मोठ्या मोटरहोममध्ये (राहायची सोय असलेल्या गाडीत) पूर्वी गॅसवर चालणारा अमोनियाचा फ्रिज असायचा. आता अनेक गाड्यांत घरात असतो तोच १२० व्होल्टचा फ्रिज बसवलेला मिळतो. अशा १८ घनफुटी, खाली फ्रीझर असलेल्या फ्रिजच्या चौदा महिन्यांच्या वापरानंतर हे लिहीत आहोत. या काळात ॲरिझोनाचा उन्हाळा आणि कोलोरॅडोची थंडी दोन्ही झाली. अशा गाड्या मुक्कामाला थांबतात त्या पार्कची वीज, जनरेटर आणि नुसत्या बॅटऱ्या, तिन्हींवर तो चालला.

फ्रिज म्हणून तो उत्तम आहे. जागा भरपूर आहे, गाडी थोडी तिरकी उभी राहिली तरी गारवा टिकतो आणि उंचीवर गॅसच्या ज्योतीची काळजी नाही. मात्र कपाटात कोंडलेला आणि रोज रस्त्यावर हादरणारा फ्रिज स्वयंपाकघरातल्यासारखा वागेल, अशी अपेक्षा ठेवू नये. तापमान चढलं की फ्रिजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलायचा सल्ला लगेच मिळतो. त्याआधी वीज, हवा आणि बर्फ, याच क्रमाने तपासा.

आधी मोजमाप नीट करा. दारावरचा आकडा बहुधा ठरवलेलं तापमान दाखवतो, आतलं खरं नव्हे. मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर आठ तास ठेवा. फ्रीझरमध्ये तो गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये खुपसा. वरच्या भागात ४० अंश फॅरनहाइट (४ सेल्सिअस) किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरमध्ये ० फॅरनहाइट (उणे १८ सेल्सिअस) हवं. सेटिंग बदललं तर पुढचे २४ तास पुन्हा हात लावू नका. सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे किमान-कमाल लक्षात ठेवणारा बिनतारी थर्मामीटर. त्याच्याशिवाय पुढचा दोष सापडतच नाही.

तो दोष असा. सकाळी दूध कोमट लागतं आणि दुपारी सगळं ठीक असतं. रात्री इन्व्हर्टर बंद पडलेला असतो आणि सूर्य वर आला, सोलरने बॅटरी भरली की तो आपोआप सुरू होतो. हिशेब मांडला की कारण दिसतं. या आकाराचा फ्रिज दिवसाला साधारण दीड युनिट वीज घेतो. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायला २५ वॉट धरले तरी दिवसाला ०.६ युनिट लागतं. म्हणजे २.१ युनिट, १२ व्होल्टवर सुमारे १७५ अँपिअर-तास. सहा व्होल्टच्या चार गोल्फकार्ट बॅटऱ्यांची क्षमता ४५० अँपिअर-तास असते. त्यातली निम्मी, २२५, वापरायची. दिवे, पंप आणि हीटरचा पंखा धरला की एक दिवससुद्धा जेमतेम निघतो. त्यात डीफ्रॉस्टचा, म्हणजे नळ्यांवरचा बर्फ वितळवणारा, हीटर लागला की ४०० वॉटसाठी बॅटरीतून ३७ अँपिअरच्या आसपास ओढले जातात, थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि इन्व्हर्टर बंद पडतो. फ्रिज निर्दोष असतो. बॅटऱ्या कमी पडत असतात.

इन्व्हर्टरचा वीज वाचवणारा मोड बंद ठेवा. त्या मोडमध्ये तो अधूनमधून लोड शोधतो आणि फ्रिजच्या बोर्डचा किरकोळ लोड त्याला जाणवत नाही. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, घ्यावा. दुसऱ्या प्रकारावरही फ्रिज चालतो, पण मोटर जास्त तापते आणि गुणगुणते.

पार्कच्या विजेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात शेजारच्या सगळ्या गाड्यांचे एसी लागले की व्होल्टेज ११० च्या खाली घसरतो. गाडीच्या विजेवर लावलेला चांगला व्होल्टेज संरक्षक १०४ च्या आसपास वीज तोडतो. ती परत आली, तोडली, पुन्हा आली, असं होत राहिलं तर कॉम्प्रेसरमधला दाब समान व्हायला लागणारी तीन ते पाच मिनिटं मिळत नाहीत. टक्क असा आवाज येतो, कॉम्प्रेसरला वाचवणारा ओव्हरलोड स्विच वीज तोडतो आणि तो थंड होईपर्यंत गारवा नाही. फ्रिजच्या प्लगमध्ये वॉटमीटर लावून ठेवला की हे सगळं दिसतं. कॉम्प्रेसर चालू असताना १०० ते १५० वॉट, डीफ्रॉस्टला ३०० ते ५००. दिवा लागतो पण आकडा पाच वॉटांच्या वर जातच नाही, तर शोरूमचा डेमो मोड चुकून दाबला गेलाय का बघा. त्या मोडमध्ये दिवे आणि पडदा चालतात, कॉम्प्रेसर नाही.

वीज ठीक असेल तर हवा. नव्या फ्रिजमध्ये गरम नळ्या बऱ्याचदा बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून बाजू गरम लागणं हा बिघाड नाही. पण कपाट घट्ट असेल तर ती उष्णता जाणार कुठे? मागच्या फटीत थर्मामीटरची वायर सोडा. खोलीपेक्षा २० फॅरनहाइटहून जास्त फरक सतत दिसला तर १२० मिलिमीटरचे, १२ व्होल्टचे दोन पंखे बसवा : एक खालून हवा आत घेणारा, दुसरा वरून बाहेर टाकणारा. दोन्हींसाठी ३५ सेल्सिअसला सुरू होणारा थर्मोस्टॅट पुरतो. जुन्या गॅस फ्रिजच्या जागी हा बसवला असेल तर भिंतीतली आणि छतावरची जाळी बंद करून वर इन्सुलेशन लावावं आणि हवा खोलीतूनच घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. बाहेर ११० फॅरनहाइट असताना ती जाळी भट्टीचं तोंड होते. दर तीन महिन्यांनी खालच्या मागच्या पंख्यावरची धूळ ब्रशने काढा. कुत्रं असेल तर दर महिन्याला.

आता बर्फ. फ्रीझर रिकामा करा, ब्रेकर पाडा, मागचं प्लास्टिकचं पॅनेल खोला. स्क्रू बहुधा पाव इंची षटकोनी असतात. नळ्यांवर सगळीकडे पातळ, सारखी पांढरी साय असेल तर थंडावा तयार होतोय, तो वर पोचत नाहीये. पहिल्याच वळणावर बर्फ आणि बाकी नळी कोरडी, तर गॅस कमी आहे. ते काम तंत्रज्ञाचं. नव्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए हा ज्वालाग्राही वायू असतो, म्हणून तिथे ज्योत किंवा सुरी न्यायची नाही. पूर्ण लादी जमली असेल तर डीफ्रॉस्ट बंद पडलाय. दारं उघडी ठेवून, टॉवेल लावून २४ तास वितळू द्या. मग मल्टिमीटरने हीटर बघा : ४०० वॉटच्या हीटरचा रोध ३६ ओहमच्या आसपास भरतो; सर्किटच तुटलेलं दिसलं तर हीटर किंवा त्याचा थर्मल फ्यूज गेला. बायमेटल थर्मोस्टॅट (हीटरचा, तापमानावर चालणारा स्विच) मात्र खोलीच्या तापमानाला उघडाच, म्हणजे सर्किट तुटलेला, दिसतो, तो गारठल्यावरच जुळतो. हे न कळल्यामुळे चांगले थर्मोस्टॅट कचऱ्यात जातात. हीटर बसवण्याआधी निचऱ्याच्या भोकात कोमट पाणी ओता. ते तुंबलं असेल तर महिन्याभरात लादी परत येईल.

सारखी साय आहे, पण फ्रिजचा वरचा भाग गरम, तर आतला पंखा तपासा. रस्त्यावर यातलं नेहमीचं कारण पंखा नसतं, दाराचा स्विच असतो. गाडीच्या हादऱ्याने दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं, स्विच किंवा चुंबक जुळत नाही, फ्रिजला दार उघडं वाटतं. मग पंखा थांबतो आणि आतला दिवा जळत राहून अन्न उलट तापवतो. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून आत ठेवा, दार लावा. दिवा विझतो का ते कळेल. बिजागरीचा स्क्रू कसून दार वर घ्या. रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीने करा, चारही बाजूंना ती ओढताना अडली पाहिजे.

थंडीतली तक्रार उलटी असते. गाडीत ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की वरचा भाग आधीच गार असतो, एकाच बाष्पकाचा (गारवा तयार करणाऱ्या नळ्यांच्या एकाच संचाचा) फ्रिज कॉम्प्रेसर फार कमी चालवतो आणि फ्रीझरमधले मटार मऊ पडतात. सेटिंग खाली ओढून फारसा फायदा नाही. गाडी उबदार ठेवा.

सामान भरताना हवेची तोंडं मोकळी सोडा. भारतीय दुकानातून एकदम आणलेले दह्याचे मोठे डबे मागे सरकवले की नेमकी तीच बुजतात. कढत आमटी थेट आत नको, उथळ भांड्यात वाफ घालवून मग ठेवा. वीज गेलेली असताना दार बंद राहिलं तर फ्रिज साधारण चार तास धरतो. त्याहून जास्त वेळ गेला, किंवा थर्मामीटरच्या नोंदीत ४० फॅरनहाइटच्या वर दोन तास दिसले, तर दूध, शिजलेलं अन्न, मांस-मासे टाकून द्या. वास घेऊन ठरवू नका.

विकत घ्यायचा का? महिन्यातले बहुतेक दिवस पार्कच्या विजेवर जात असतील, किंवा ४०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटऱ्या आणि सोलर असेल, तर नक्की घ्या. आठवडाच्या आठवडा वाळवंटात वीज नसलेल्या जागी राहणार असाल तर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बघा, इन्व्हर्टरचा फुकटचा खर्च वाचेल. घेतलाच तर कपाटात सरकवण्याआधी आतल्या भिंतीवरच्या आणि मागच्या लेबलचे फोटो काढून ठेवा. पंखा, स्विच किंवा सेन्सर मागवताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक लागतो, आणि मागचं लेबल नंतर फ्रिज बाहेर ओढल्याशिवाय वाचता येत नाही.