अब्दुल रहमान स्ट्रीटचं कार्डशीट: घडीला कुठलं, स्टँपिंगला कुठलं

ग्रीटिंग बनवताना कागदावर जास्त पैसे जातात, कारण सगळं कार्ड एकाच भारी कागदाचं केलं जातं. त्याची गरज नाही. घडीच्या बेसला साधं 220 ते 250 जीएसएमचं (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) शीट चालतं. चांगला कागद हवा तो फक्त स्टँप मारून, रंगवून वर चिकटवायच्या तुकड्याला. ए4 मधून ए6 चे चार तुकडे निघतात, त्यामुळे महाग शीटही परवडतं.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर यासाठी लागणारं जवळपास सगळं मिळतं, पण मागताना नेमकं मागा. नुसतं 'जाड, पांढरं, गुळगुळीत' म्हटलंत तर बहुधा आर्ट कार्ड हातात येईल. पत्रिका छापायला ते उत्तम, स्टँपिंगला नाही. त्यावर कोटिंग असतं, त्यामुळे शाई आत न मुरता वरच राहते आणि बोट लागलं की फरफटते. अल्कोहोल मार्करचे (स्पिरिटच्या शाईचे रंगीत पेन) दोन रंगही एकमेकांत मिसळत नाहीत, पट्टे पडतात.

मागायचं ते आयव्हरी, 250 ते 300 जीएसएम, विनाकोटिंग. मात्र नुसत्या नावावर जाऊ नका, आयव्हरी म्हणून कोटिंगवालंही खपवतात. उजेडात तिरपं धरून चमक बघा. कोपऱ्यावर चांदीची अंगठी घासा: करडी रेघ उमटली तर कोटिंग आहे. खात्री नसेल तर एकच शीट घरी न्या, बारीक रेषांचा स्टँप मारा, वाळू द्या आणि त्यावर मार्करचे दोन हात द्या. रंग रेषेबाहेर केसासारखा पसरला तर कागद सैल आहे. पाठीमागे रंग उतरला म्हणून नाकारू नका, अल्कोहोल मार्कर चांगल्या कागदावरही उतरतोच. तुकडा चिकटवल्यावर पाठ दिसते कुणाला!

शाईचा दोष कागदावर ढकलू नका. स्टँपच्या शाईंपैकी अल्कोहोल मार्करखाली मेमेंटो नावाची चालते, स्टॅझऑन नावाची विरघळून रंगात उतरते. पाण्याचा ब्रश वापरणार असाल तर उलट, मेमेंटो पसरते. तिथे व्हर्साफाइनसारखी पिगमेंट शाई (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि 300 जीएसएमचा वॉटरकलर पेपर घ्या. रंगीत पेन्सिलींना किंचित खरखरीत शीट बरं, अगदी गुळगुळीतवर दुसरा थर धरत नाही. हातकागद दिसतो देखणा, पण बेसलाच ठेवा. त्याच्या पोतात स्टँपच्या बारीक रेषा तुटतात.

परदेशी व्हिडिओंत वजन पाउंडात सांगतात, तिथे फसगत होते. आकडा तोच असला तरी कागदाच्या प्रकाराप्रमाणे वजन बदलतं: 110 पाउंड 'कव्हर' म्हणजे सुमारे 298 जीएसएम, पण 110 पाउंड 'इंडेक्स' म्हणजे 199च. आपल्याकडे ए4 पाकिटावरचा आकडा वजनकाट्यावर तपासता येतो: 250 जीएसएमची 100 शीटं साधारण 1 किलो 560 ग्रॅम भरायला हवीत.

पाकिटापेक्षा 25 बाय 36 इंची मोठं शीट घेऊन तिथेच कापून घेणं बहुतेकदा स्वस्त पडतं. त्यातून बरोबर नऊ ए4 निघतात. 22 बाय 28 मधून पाचच, बाकी कातरण. भाव विचारताना कटिंगची मजुरी धरा आणि हिशोब दर ए4 चा करा. न कापता गुंडाळी करून लोकलमध्ये चढलात तर कागदाचं काय होईल ते सांगायला नको.

कापण्याआधी ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, बघा. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा. जिथे सहज वाकतं, तिथल्या वाकाच्या रेघेला घडीची रेघ समांतर हवी. आडवी घडी घातली की कड फुटते, आणि आतून पांढऱ्या असलेल्या रंगीत शीटवर ती चीर लांबूनही दिसते. आधी पट्टी लावून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबा. घडी घालताना दाबलेली खाच बाहेर आणि उंचवटा आत राहू द्या. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

जून ते सप्टेंबर शीटं झिपच्या पिशवीत, आडवी, वर वजन ठेवून ठेवा. मुंबईच्या दमट हवेत कडा वळतात, पिगमेंट शाई वाळायलाही वेळ घेते. खरेदीला रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.