नागपुरात मराठी प्रबंध लिहिताना झोटेरो: तीन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

संत्रा उत्पादकांच्या अर्थकारणावरील माझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण मार्गदर्शकांकडून तपासून परत आले, तेव्हा मजकुरावर फारशा खुणा नव्हत्या. संदर्भसूची मात्र लाल शाईने भरली होती. एका नोंदीत अंक क्रमांक नव्हता, दुसरीत प्रकाशनवर्षाच्या जागी खंड पडला होता आणि मजकुरात उल्लेख केलेले चार लेख सूचीत आलेच नव्हते. एका नोंदीसमोर सरांनी समासात एवढेच लिहिले होते : ‘हा लेख मला काढून दाखवा.’ तो लेख मलाही काढता आला नाही, कारण नियतकालिकाचे नाव मी वहीत अर्धवट टिपले होते. संदर्भ देणे म्हणजे वाचकाला त्या लेखाच्या दारापर्यंत नेऊन सोडणे, ही गोष्ट मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळली. त्यानंतर मी झोटेरो वापरायला घेतले. आज तीन वर्षांनी, सुमारे सहाशे नोंदी साठल्यावर, त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. कारण आपल्याकडे मराठीतून संशोधन करणाऱ्यांना याची माहिती मिळते ती बहुधा इंग्रजी लेखनापुरतीच.

झोटेरो हे संदर्भ साठवण्याचे आणि ते ठरलेल्या शैलीत मजकुरात घालण्याचे सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासाच्या अभ्यासकांनी ते २००६ मध्ये सुरू केले. ते मोफत आहे आणि मुक्तस्रोतही, म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे. शिष्यवृत्तीवर किंवा तासिका तत्त्वावर शिकवून संशोधन करणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही, कारण याच कामाची काही सॉफ्टवेअर बरीच महाग आहेत. वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींत ते चालते. लेखांच्या पीडीएफ झोटेरोच्या सर्व्हरवर ठेवायच्या असतील तर ३०० एमबी जागा फुकट मिळते. मला ती पहिल्या सहा महिन्यांतच अपुरी पडली. पण नोंदींवर अशी मर्यादा नाही, त्यामुळे फाइली मी स्वतंत्र हार्डडिस्कवर ठेवते आणि नोंदी मात्र घरच्या व विद्यापीठातल्या अशा दोन्ही संगणकांवर सारख्या राहतात.

इंग्रजी शोधनिबंधांच्या बाबतीत त्याचे काम इतके चोख आहे की पहिल्या दिवशी मला सुटल्यासारखे वाटले. संत्र्याच्या झाडावरील डिंक्या रोगाविषयीचा एक लेख घेऊन मी सुरुवात केली. लेखाच्या पहिल्या पानावर १० या आकड्याने सुरू होणारा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. तो उचलून जादूच्या कांडीचे चित्र असलेल्या बटणाखाली चिकटवला, की लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठे आणि वर्ष हे सर्व रकाने आपोआप भरतात. ही माहिती प्रकाशकांनी क्रॉसरेफसारख्या संस्थेकडे नोंदवलेली असते, तिथून ती येते. म्हणूनच प्रकाशकाने नोंदवताना केलेली चूकही तशीच येते, हे लक्षात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. माझ्या नोंदीत शीर्षकातील प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल आले होते. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेल्या) शैलीच्या संदर्भसूचीत लेखाच्या शीर्षकाचा पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामे एवढीच कॅपिटलने सुरू होतात. शीर्षकावर उजवी कळ दाबून हा बदल करण्याची सोय झोटेरोत आहे, परंतु तसे केल्यावर नागपूर आणि विदर्भ या शब्दांचीही अक्षरे लहान झाली. ती मी हाताने मोठी केली. संत्र्याचे शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत यायला हवे, त्यासाठीची खूणही शीर्षकात स्वतः घालावी लागली. एका नोंदीला चार मिनिटे लागली; पण ही चार मिनिटे एकदाच द्यायची असतात. तोच लेख पुढे पाच ठिकाणी उल्लेखला तरी तपशील पाचही ठिकाणी सारखाच राहतो.

शैलीचे नियम पाळण्यात मात्र मी झोटेरोवर पूर्ण विश्वास टाकते. एपीएच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असले तर पहिल्या उल्लेखापासूनच फक्त पहिल्या लेखकाचे नाव देऊन ‘आणि इतर’ या अर्थाची खूण करायची असते. आधीच्या आवृत्तीत तीन ते पाच लेखकांची नावे पहिल्या वेळी पूर्ण द्यावी लागत. सूचीत पूर्वी सात लेखकांपर्यंत सर्व नावे देत, आता वीसपर्यंत देतात. अंक क्रमांक पूर्वी नियतकालिकाचा प्रत्येक अंक पृष्ठ एकपासून सुरू होत असेल तरच देत. आता तो उपलब्ध असेल तर नेहमीच द्यायचा. डीओआय पूर्ण दुव्याच्या स्वरूपात लिहायचा आणि त्यानंतर पूर्णविराम द्यायचा नाही. आमच्या विभागातून आजही सहाव्या आवृत्तीच्या जुन्या छायाप्रती हातोहात फिरतात आणि एकाच प्रबंधात दोन्ही आवृत्त्यांचे नियम मिसळलेले दिसतात. झोटेरोत शैलीचे नाव निवडले की ही सरमिसळ संपते.

भारतीय नियतकालिकांच्या अनेक संकेतस्थळांवर लेखाची माहिती यंत्राला वाचता येईल अशा रीतीने दिलेली नसते. अशा पानावरून नोंद घेतली की झोटेरो तिला नियतकालिकातील लेख न मानता साधे वेबपान मानते, आणि खंड, अंक, पृष्ठे यांचे रकानेच त्या नोंदीत नसतात. नोंद घेतल्याबरोबर तिचा प्रकार बदलण्याची सवय लावून घ्यावी.

खरी परीक्षा मराठी लेखांची आहे. विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’ या नियतकालिकाचे जुने अंक मी सीताबर्डीवर बसून चाळले, तेव्हा त्यांतील एकाही लेखाला डीओआय असण्याचा प्रश्नच नव्हता. स्कॅन केलेल्या पानांवरूनही झोटेरोला काही ओळखता येत नाही. सगळे हाताने भरावे लागते, आणि भरताना आपल्याकडच्या छपाईच्या रिती सांभाळाव्या लागतात. मराठी नियतकालिकावर खंडाऐवजी बहुधा ‘वर्ष’ छापलेले असते. हे नियतकालिकाचे वर्ष म्हणजेच खंड, ते प्रकाशनवर्षाच्या रकान्यात टाकू नये. माझ्या पहिल्या सूचीतली चूक नेमकी हीच होती. जोडअंक असेल तर दोन्ही अंकांचे क्रमांक मध्ये छोटी रेघ देऊन लिहावेत. दिवाळी अंकाला पुष्कळदा क्रमांक नसतो, तेव्हा अंकाच्या जागी ‘दिवाळी अंक’ असे लिहून प्रकाशनवर्ष द्यावे. क्रमांक नाही म्हणून तो तपशील गाळल्यास वाचक बाराही महिन्यांचे अंक धुंडाळत बसेल. तारखेच्या रकान्यात मी इंग्रजी आकडेच वापरते.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. वि. भि. कोलते यांचे नाव भरताना ‘कोलते’ आडनावाच्या रकान्यात आणि ‘वि. भि.’ दुसऱ्या रकान्यात गेले पाहिजे. घाईत सगळे नाव एकाच रकान्यात घातले तर सूचीत ते ‘व’च्या ठिकाणी जाऊन बसते. शैलीची भाषा इंग्रजी असेल तर दोन मराठी नावांच्या मध्ये इंग्रजी अव्यय उमटते, आणि स्वल्पविराम व आद्याक्षरांची मांडणीही प्रत्येक नोंदीत डोळ्यांखालून घालावी लागते. मी यावर असा मार्ग काढला की मराठी आणि इंग्रजी साहित्याचे दोन वेगळे संग्रह ठेवले, आणि मराठी सूचीवर शेवटचा हात स्वतः फिरवला. सॉफ्टवेअरमधली ही उणीव मला मनापासून खटकते, कारण मराठी संशोधकाला अर्धे काम दोनदा करावे लागते.

मी वाचलेला लेख आणि दुसऱ्याच्या लेखात उल्लेख सापडलेला लेख यांतला फरक कोणतेही सॉफ्टवेअर ओळखू शकत नाही. मूळ लेख न मिळाल्यास आपण जो वाचला त्याचीच नोंद सूचीत द्यावी आणि मजकुरात ‘मधून उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार संदर्भ मागवणारे सहाध्यायी मी पाहते. त्यांतले काही लेख अस्तित्वातच नसतात. अशा संदर्भासोबत आलेला डीओआय झोटेरोत टाकून पाहावा, आणि नोंद भरली गेली तरी तिच्यातले शीर्षक व लेखक आपल्याला सांगितलेलेच आहेत का, हे जुळवून पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्य तपासण्यासाठी प्रबंधाचे इतर लेखनाशी साम्य मोजताना संदर्भसूची वगळली जाते. त्यामुळे साम्याचा अहवाल स्वच्छ आला म्हणजे सूचीही बरोबर आहे, असा अर्थ मुळीच होत नाही.

ज्या एका सोयीसाठी मी झोटेरोची ऋणी आहे, ती म्हणजे मागे घेतलेल्या लेखांची सूचना. रिट्रॅक्शन वॉच या उपक्रमाच्या माहितीशी आपल्या नोंदी २०१९ पासून जुळवून पाहिल्या जातात आणि एखादा लेख नियतकालिकाने मागे घेतला असेल तर त्या नोंदीवर लाल खूण दिसते. माझ्या संग्रहातील एका लेखावर ती अचानक उमटली. त्या लेखातील आकडेवारीवर तिसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद उभा होता. तो मी वेळीच काढून टाकला.

नागपुरात प्रबंध अखेर डीटीपीच्या दुकानात जातो आणि तिथे सावधगिरी बाळगावी लागते. झोटेरोने घातलेले संदर्भ फाइलमध्ये साधा मजकूर म्हणून नसतात, ते मूळ नोंदींना जोडलेले असतात. एका दुकानात माझी फाइल युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये बदलली गेली. मराठी नावे विस्कटली, जोडणी तुटली आणि दोनशेहून अधिक संदर्भ मला आठ दिवस बसून पुन्हा घालावे लागले. आता मी मूळ फाइल कोणाच्याही हाती देत नाही. तिची प्रत काढते, त्या प्रतीत झोटेरोच्या आज्ञेने संदर्भांची जोडणी सोडवते, सूची कागदावर छापून एकेक नोंद मूळ अंकाशी ताडून पाहते, आणि दुकानदाराला सांगते की दादा, फॉन्ट बदलू नका, फक्त समास आणि पृष्ठांक लावा.