दिवा लुकलुकला, पण चिप ३२८ची नव्हती

आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या बारा मुलांना यंदा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे दिवे, सेन्सर वगैरे चालवणारा एका चिपमधला छोटा संगणक, शिकायचा होता. पालकांनी प्रत्येकी २८० रुपये दिले. त्यातल्या दोघींच्या आया शेतात रोजंदारीवर जातात. ते ३,३६० रुपये घेऊन मी पुण्याला गेले आणि फसले. पैसे मुलांचे होते, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून मी बरीच वर्षं सुटे भाग आणतेय. माल चांगलाच मिळालाय. या खेपेला नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून दुसऱ्या एका दुकानात शिरले. स्पष्ट सांगितलं, "आर्डुइनो नॅनो, एटीमेगा ३२८पी चिपवाले, बारा नग." नॅनो म्हणजे अशी चिप बसवलेला, केबलनं लॅपटॉपला जोडायचा छोटा बोर्ड. मूळ कंपनीचे बोर्ड नकोच होते. आर्डुइनोचा आराखडा खुला आहे, दुसऱ्यांनी बनवलेले स्वस्त बोर्ड विकण्यात काही गैर नाही. चिप मात्र सांगितलेलीच हवी.

"चालवून दाखवा," म्हटलं. बोर्डात आधीपासून दिवा लुकलुकवायचा प्रोग्राम भरलेला असतो हे मला ठाऊक होतं. नुसती केबल जोडून दिवा लागला तर त्यावरून काही कळत नाही. म्हणून मी दुकानदाराला लुकलुकण्यातलं एक सेकंदाचं अंतर कमी करायला लावलं. त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला, १००० मिलिसेकंदांच्या जागी २०० टाकले, प्रोग्राम चढवला. दिवा भराभर लुकलुकायला लागला. "बघा मॅडम, एकदम ओके." स्क्रीन त्याच्याकडे का वळली, हे तेव्हा मनात आलं नाही.

शाळेत पहिल्याच तासाला एकही बोर्ड प्रोग्राम घेईना. लॅपटॉपवरच्या आर्डुइनो सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरची, म्हणजे चिपची, यादी असते. तिच्यात ३२८पी निवडलं, तर दहा वेळा प्रयत्न होऊन 'नॉट इन सिंक', म्हणजे बोर्डाशी मेळ बसत नाही, असा संदेश. जुन्या बूटलोडरचा (प्रोग्राम आत घेणाऱ्या, चिपमधल्या छोट्या प्रोग्रामचा) पर्याय निवडला, तरी तेच. दुकानात फोन केला. "मॅडम, सीएच३४०चा ड्रायव्हर टाका." यूएसबी जोडणीच्या चिपचं ते सॉफ्टवेअर टाकलं. पोर्ट, म्हणजे बोर्ड जोडल्याची खूण, दिसत होतं, प्रोग्राम जात नव्हता. "मग केबल खराब असेल." केबलही बदलली. दोन दिवस यात गेले. मुलांना वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं.

शेवटी आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी, आता डिप्लोमा करतोय, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, यादीतला तिसरा पर्याय घेऊन बघा, एटीमेगा १६८." घेतला. दिवा लुकलुकला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. फोनवर तो गप्प होता. मग म्हणाला, "आता खाली काळ्या पट्टीत कमाल जागा किती दाखवतेय?" १४,३३६ बाइट. ३२८पी असती तर तिचा पर्याय चालला असता आणि तिथे ३०,७२० दिसले असते.

दुकानात काय झालं ते तेव्हा उमगलं. त्याच्या लॅपटॉपवर १६८ आधीच निवडलेलं असणार. दिवा लुकलुकवणारा प्रोग्राम हजारेक बाइटचा, तो लहान चिपमध्येही आरामात बसतो. पण मुलांना मातीचा ओलावा मोजून छोट्या ओलेड पडद्यावर दाखवायचा होता. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या त्या पडद्याचं चित्र साठवायलाच १,०२४ बाइट रॅम (प्रोग्राम चालताना लागणारी तात्पुरती जागा) लागते. १६८मध्ये एकूण रॅम तेवढीच असते, बाकी प्रोग्रामला काही उरतच नाही. ३२८पीमध्ये २,०४८ असते.

रविवारी तो माजी विद्यार्थी प्रोग्रामर, म्हणजे चिप थेट वाचणारं छोटं उपकरण, घेऊन आला. प्रत्येक चिपमध्ये निर्मात्यानं कोरलेली तीन आकड्यांची ओळख असते, ती वाचली. ३२८पीची १ई ९५ ०एफ. आमच्या बाराही बोर्डांची निघाली १ई ९४ ०६, म्हणजे एटीमेगा १६८. अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस चिपवर घासला, तर ३२८पी ही अक्षरं काळ्या रंगासकट कापसावर आली. १६८ म्हणून, कमी दरात विकले असते तर दिव्यांच्या प्रयोगांसाठी मी घेतलेही असते. पण हे पुसून, रंगवून, दुसरं नाव छापून विकलेलं होतं. बोर्ड कुणी रंगवले ते मला माहीत नाही, पण यादीत कोणता पर्याय निवडायचा हे काउंटरवरच्या माणसाला नेमकं माहीत होतं.

पुन्हा पुण्याला गेले. दुकानदार म्हणाला, "चिपचं नाव पावतीवर कुठंय?" नव्हतंच. हातानं लिहिलेली चिठ्ठी, 'नॅनो बोर्ड १२ नग'. जीएसटी क्रमांकही नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला, तर तिथेही पहिल्यांदा बिलच विचारलं. तेव्हा कृपा करून पक्कं बिल घ्या आणि त्यावर चिपचं पूर्ण नाव लिहून घ्या. दिवा लुकलुकतोय म्हणून थांबू नका. लॅपटॉप आपला न्या, प्रोसेसर आपल्या हातानं निवडा, चढवताना ३०,७२० हा आकडा डोळ्यांनी बघा. बोर्ड जास्त असतील तर प्रत्येकाला केबल लावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

पालकसभेत मी झालेलं सगळं सांगितलं आणि ३२८पीचे बारा बोर्ड माझ्या पैशांनी आणले. या वेळी बाराही बोर्ड एकेक करून तपासायला एकूण पाऊण तास लागला. जुन्या बाराही बोर्डांवर मुलांनी पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर ठळक अक्षरांत '१६८' लिहिलंय. सिग्नलच्या दिव्यांच्या प्रयोगाला आम्ही तेच वापरतो.