पन्नाशीनंतर काय करावं: सोसायट्यांचं ऑडिट, कॉलेजातले तास की म्युच्युअल फंड?

धाकट्या जावेचा परवा रात्री फोन आला. ती चकाल्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वय 51, लेकीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. "वहिनी, आता पुरे झालं. पण घरी बसून करू काय? तुमच्यासारखं ऑडिट, कॉलेजात शिकवणं, की भाऊजींसारखं म्युच्युअल फंड?" तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, धड बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिते. आकडेमोडीत आयुष्य काढलेल्या इतरांनाही उपयोगी पडेल.

माझं वय 58. राहायला मुलुंडला. 52व्या वर्षी नोकरी सोडली. दोन वर्षं शिकवलं, सोसायट्यांचं काम आजही करते, आणि फंडाचं काम नवऱ्याच्या टेबलावर रोज बघते. तेव्हा माझं मत एकीकडे झुकलेलं आहे हे आधीच कबूल करते.

पैशाचं आधी उरकून टाकू. ईपीएफवाल्यांची (नोकरीत पीएफ कापला जाणाऱ्यांची) पेन्शन 58व्या वर्षी सुरू होते, त्यासाठी 10 वर्षं सेवा लागते. नोकरी सुटली असेल तर पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण जितकी वर्षं आधी, तितके दर वर्षाला 4 टक्के कापले जातात. 52व्या वर्षी घेतली की 24 टक्के गेले, आणि ते कायमचे. मी हात लावला नाही. दुसरं म्हणजे मेडिक्लेम. कंपनीचा विमा राजीनाम्याबरोबर जातो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बीपीची गोळी चालू असेल तर स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढ.

आता शिकवणं. तिघांत आनंद सगळ्यात लवकर देणारं काम हेच. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली वही आणि बँकेचं पासबुक जुळवणं, पुन्हा समजावून घेतलं. मी तीस वर्षं दर महिन्याला जे यंत्रासारखं करत होते, ते कुणाला तरी डोळे मोठे करून ऐकावंसं वाटलं! घरी येताना ट्रेनमध्ये उभी होते, तरी पाय दुखले नाहीत.

पण हे सगळं तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. माझे एका सत्राचे पैसे सात महिन्यांनी आले. कायम नोकरीचा विचार करायचा तर नेट-सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा लागते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022मध्ये उद्योगातल्या अनुभवी माणसांसाठी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद आणलं, त्याला पीएचडी लागत नाही, पण निदान 15 वर्षांचा, तोही वरच्या पदावरचा अनुभव हवा आणि नेमणूक फार तर चार वर्षांची. आपल्यासारख्या सीनियर अकाउंटंटला तिथे कोण विचारणार? शिवाय कॉमर्सचे तास सकाळी सातला. दादरला सातला पोचायचं म्हणजे पहाटेच डबा. ऑफिसच्या गर्दीला कंटाळून नोकरी सोडणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

म्युच्युअल फंडाचं दार सगळ्यात सहज उघडतं. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची एक परीक्षा, दोन तासांत 100 प्रश्न, 50 टक्क्यांना पास; मग अँफी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी नंबर. नवऱ्याने तीन आठवडे अभ्यास केला, तोही क्रिकेट बघत. खरी परीक्षा नंतर सुरू होते. 2018च्या ऑक्टोबरात सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, आगाऊ कमिशन बंद केलं, तेव्हापासून फक्त ट्रेल, म्हणजे ग्राहकाचे पैसे फंडात आहेत तोवर थोडं थोडं. दरसाल एक टक्का धरू. कुणी महिना 5,000ची एसआयपी सुरू केली तर वर्षअखेर 60,000 जमतात, आणि त्यावर वर्षाला मिळणार 600 रुपये. महिन्याला आठ-साडेआठ हजार हवे असतील तर तुमच्यामार्फत 1 कोटी गुंतलेले हवेत. आणि 2013पासून मध्यस्थाशिवाय गुंतवायचे डायरेक्ट प्लॅन आहेत, त्यामुळे तरुण भाचे मोबाइलवर स्वतःच गुंतवतात.

त्याला समाधान मिळतं, नाही असं नाही. 23 मार्च 2020ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी पडला, तेव्हा तो दिवसभर फोनवर "थांबा, बंद करू नका" एवढंच सांगत होता. जे थांबले ते अजून पेढे आणून देतात. पण सुरुवात नातेवाइकांपासूनच करावी लागते. सुरुवातीची दोन वर्षं लग्नाच्या पंगतीत लोक आमच्या शेजारची खुर्ची सोडून बसत. मला ते झेपलं नसतं.

राहिलं सोसायट्यांचं काम. मुंबईत याला मरण नाही. दर सोसायटीला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेच लागतात, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी खजिनदार हा हात वर करायला उशीर झालेला बिचारा असतो.

पात्रतेसाठी सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही पदविका. सहा पेपर, तीन दिवस, ऐन मे महिन्यात. हिशेब आपल्याला येतोच, रडवतात ते सहकाराचे कायदे. मी 53व्या वर्षी बसले तेव्हा बाकावर माझ्या मुलाच्या वयाची पोरं होती. पण पास झालं की लगेच सही करता येत नाही. सहकार खात्याच्या ऑडिटरांच्या यादीवर, म्हणजे पॅनेलवर येण्यासाठी पदवी आणि या पदविकेबरोबर सोसायट्यांच्या ऑडिटचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा, शिवाय मराठीचं कामचलाऊ ज्ञान. तो अनुभव मी एका ऑडिटरच्या हाताखाली मिळवला. व्हाउचर लावायचे, पासबुक जुळवायचं, मानधन जेमतेम. तीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा उमेदवारी. पहिल्या वर्षी दोनदा सोडायला निघाले होते.

टिकले ते भांडणांमुळे. थकबाकीवर सोसायटी 24 टक्के व्याज लावून बसलेली असते. कमाल 21 आणि तेही सरळव्याज, हे कागद दाखवून सांगितलं की खोली शांत होते. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर मनमानी नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, आकारतात. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर नाही, म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरचे काका चहा मागवतात. भांडुपच्या एका चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत एका आजींची तीन वर्षांची चुकीची बिलं सापडली. रक्कम मोठी नव्हती, पण त्या तीन वर्षं सगळ्यांच्या नजरेत थकबाकीदार होत्या. इथे पिकलेल्या केसांचं कुणाला वावडं नाही, उलट पंचविशीतल्या ऑडिटरला सेक्रेटरी जुमानत नाही. वाईट बाजू: जून-जुलैत जीव जातो, सभा रविवारी असतात, आणि लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचं ऑफिस हमखास गच्चीवर.

म्हणजे थांबावं तिन्हीकडे लागतं. शिकवताना झालेल्या कामाच्या पैशासाठी, फंडात पैसा साठण्यासाठी, ऑडिटमध्ये सहीच्या अधिकारासाठी. तुझं घर तीन वर्षं एका पगारावर चालत असेल तर मी ऑडिटच म्हणेन. लेकीला पुढे परदेशी पाठवायचं असेल तर नोकरी सोडू नकोस, पदविका मात्र आत्ताच दे, ती नोकरीत राहूनही देता येते. आणि शिकवायची खरोखर हौस असेल, तर पैशाचं नावही न काढता एखाद्या रात्रशाळेत विचार.

राजीनामा लिहिण्याआधी एक कर. येत्या रविवारी सकाळी तुमच्याच सोसायटीच्या ऑफिसात जा आणि खजिनदाराला म्हण, "मी जरा मदत करू का?" तो आधी दचकेल, मग दोन वर्षांच्या फायली तुझ्यापुढे ठेवेल. जेवणाची वेळ झालेली तुझ्या लक्षात आली नाही, तर मला फोन कर.